पांढऱ्या डोक्याचा पत्ता

मला एक वाईट खोड आहे. रांगेत उभं राहिलं की मी शब्दांच्या गोष्टी सांगत सुटते. मे महिन्यातला रविवार, भायखळ्याची राणीची बाग, पेंग्विनच्या इमारतीबाहेर वळसे घेत गेलेली रांग आणि हाताशी सहा वर्षांची भाची. पाण्याची बाटली संपली होती, वेफर्स संपले होते, आता गोष्टच उरली होती. म्हटलं, "चिमे, पेंग्विन म्हणजे काय माहितीये? वेल्श नावाची एक भाषा आहे. त्यात पेन म्हणजे डोकं आणि ग्विन म्हणजे पांढरं. पेंग्विन म्हणजे पांढरं डोकं."

अर्ध्या तासाने आत शिरलो. बाहेरच्या घामावर एकदम सोळा-अठरा अंशांची थंडी बसली. काचेपलीकडे हंबोल्ट जातीचे पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली मुंबईत आणलेल्यांचं कुटुंब आता चांगलं वाढलं आहे. मध्यंतरी त्यांच्या पिल्लांना मराठी नावं द्या म्हणूनही मागणी झाली होती. एक पक्षी काचेला अगदी खेटून उभा राहिला. चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी, छातीवर काळा पट्टा, डोळ्याच्या वरून गळ्यापर्यंत उतरलेली पांढरी कड. आणि बाकी सगळं डोकं काळं कुळकुळीत.

"मावशी, याचं डोकं काळंय."

"हो गं."

"मग तू खोटं सांगितलंस."

मागे उभ्या असलेल्या काकू हसल्या. मी म्हटलं, "मी नाही गं, खलाशांनी सांगितलं." आणि त्या वाक्याने मी स्वतःच अडकले, कारण आता खलाशांची गोष्ट सांगणं आलं. ती सहा वर्षांच्या मुलीला पुरी सांगता येत नाही. इथे सांगते.

या पक्ष्याशी माझं जुनं भांडण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी ऑफिस सुटल्यावर दादरला फ्रेंचच्या वर्गाला जायचे. एकदा चित्र बघून दहा वाक्यं लिहायची होती. चित्रात बर्फ, आणि बर्फावर कोट घातल्यासारखे उभे असलेले ते. मी मोठ्या ऐटीत 'पँग्वँ' लिहिलं. इंग्रजीतला पेंग्विन फ्रेंच नाकातून बोलायचा, यात चुकण्यासारखं काय आहे? वही परत आली तेव्हा दहाही वाक्यांत तो शब्द लाल रेघेने खोडलेला. बाई म्हणाल्या, "हे पँग्वँ नाहीत, हे माँशो." शब्दकोश उघडून पाहिलं. 'माँशो' म्हणजे ज्याचा एक किंवा दोन्ही हात नाहीत असा माणूस. आपल्या मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे: थोटा.

म्हणजे अंटार्क्टिकावरचा तो उंच, रुबाबदार एम्परर पेंग्विन फ्रेंचमध्ये 'थोटा सम्राट' झाला. त्याच्याहून थोडा बुटका तो 'थोटा राजा'. मी बसमध्ये एकटीच हसत होते. आणि 'तो थोटा नाही' असं फ्रेंच माणूस म्हणाला तर गडी हुशार आहे, कामाचा आहे असा अर्थ. माझ्या त्या दहा वाक्यांना मात्र मार्क थोटेच मिळाले.

मग पँग्वँ कोण? तिथपासून खरी गोष्ट सुरू होते.

उत्तर अटलांटिकमध्ये एक मोठा समुद्रपक्षी होता. पाऊण मीटरच्या वर उंची, पाचेक किलो वजन, पाठ काळी, पोट पांढरं, जाडजूड चोचीवर आडव्या खाचा. पंख इतके तोकडे की उडता यायचं नाही. पाण्यात मात्र बाण. इंग्रजीत आज त्याला ग्रेट ऑक म्हणतात. वर्षाला एकच अंडं घालायचा, तेही उघड्या खडकावर. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ फंक नावाचं एक खडकाळ बेट आहे, तिथे त्यांची प्रचंड वसाहत होती. १५३४ साली झाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी तिथे पोचला. अर्ध्या तासाच्या आत दोन होड्या भरून पक्षी मारले, वर काही पिंपं खारवून ठेवली, असं त्याच्या वृत्तांतात आहे. त्याने त्या पक्ष्याला नाव दिलंय 'आपोनात्स'. पँग्वँ नव्हे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कुठेतरी 'पेंग्विन' उगवला. १५७८ साली अँथनी पार्कहर्स्ट नावाच्या, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याने न्यूफाउंडलंडबद्दल लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात हे न उडणारे पेंग्विन आहेत, आणि तिथे मासेमारीला येणारे फ्रेंच लोक घरून मांस फारसं आणतच नाहीत, याच पक्ष्यांवर भागवतात, असंही आहे. ब्रिस्टल वेल्सच्या अगदी समोर, खाडी ओलांडली की वेल्स. त्या बंदरातल्या जहाजांवर वेल्श खलाशी असणं म्हणजे मुंबईच्या गोदीत कोकणी माणूस असण्यासारखं.

त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक जहाज होतं. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरला होता. तिथल्या बेटांवर त्याच्या लोकांना न उडणारे, काळे-पांढरे, ताठ उभे राहणारे पक्षी दिसले. एका दिवसाच्या आत तीन हजार मारले. जहाजावरचा पाद्री फ्रान्सिस फ्लेचर याने नोंद केली, की या पक्ष्याला वेल्श लोक पेंग्विन म्हणतात आणि मॅगेलनने यांना हंस म्हटलं होतं.

हे वाचलं तेव्हा मी तिथेच थांबले होते. दक्षिण अमेरिकेच्या शेपटाकडे वेल्श माणसांचं काय काम? त्यांच्या देशाच्या हजारो मैल परिसरात हा पक्षी नाही. उत्तर एकच दिसतं. जहाजावरच्या कुणीतरी वेल्श खलाश्याने बेटावरचा थवा बघितला आणि उत्तरेत पाहिलेल्या, खाल्लेल्या पक्ष्याचं नाव त्याच्या तोंडून निघून गेलं. "हे तर आपले पेंग्विनच!" नव्हते. दोघांचं दूरचंही नातं नाही. ग्रेट ऑक हा पफिन नावाच्या उत्तरेकडच्या समुद्रपक्ष्याच्या कुळातला, आणि दक्षिणेतले हे वेगळ्याच वंशाचे. पण दोघंही उडत नाहीत, दोघंही ताठ उभे राहतात, आणि दोघंही मारायला सोपे. भुकेल्या खलाश्याचं पक्षिशास्त्र एवढंच.

आता वेल्शकडे वळू. 'पेन' म्हणजे डोकं, टोक, माथा, भूशिर, शेवट. दक्षिण वेल्सचं सगळ्यात उंच शिखर पेन-अ-व्हान, ८८६ मीटर. 'ग्विन' म्हणजे पांढरा, आणि पवित्र, धन्य असाही अर्थ आहे. आपल्याकडे शुभ्र आणि शुभ एकाच धातूतून निघालेत, तसंच काहीसं. वेल्शमध्ये विशेषण नामाच्या मागून येतं, म्हणून आधी डोकं, मग पांढरं. फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी आहे, तिथली ब्रेटन भाषा ही वेल्शची सख्खी चुलतबहीण. तिच्यात 'पेन' आणि 'ग्वेन' हे तेच शब्द आहेत. काही जण म्हणून शब्दाचं श्रेय ब्रेटन कोळ्यांना देतात, कारण तेही सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून न्यूफाउंडलंडला जात होते. मला ते पटत नाही. कार्तिए स्वतः ब्रिटनीतल्या सँ-मालोचा. ब्रेटन कोळ्यांच्या तोंडी हा शब्द रुळलेला असता, तर त्याच्या वृत्तांतात 'आपोनात्स' कशाला आलं असतं? अर्थात सँ-मालोच्या बाजूला ब्रेटन फारशी बोलली जात नसे, हेही खरं. माझा निकाल मी पेन्सिलीने लिहून ठेवलाय.

चिमीने काचेसमोर काढलेली शंका भाषेच्या पंडितांनीही काढली आहे. ग्रेट ऑकचं डोकंही काळंच होतं! फक्त चोच आणि डोळा यांच्यामध्ये रुपयाएवढा एक पांढरा डाग. पण लांबून, होडीतून, थव्याकडे पाहताना काळ्यावरचा तो डाग आधी दिसत असेल. आपण नाही का बुलबुलाला 'लालबुड्या' म्हणतो? सगळा पक्षी तपकिरी, लाल आहे ते शेपटीखाली चिमूटभर. नाव ठेवणाऱ्याचं लक्ष जिथे जातं तेवढ्यावर नाव पडतं. दुसरं म्हणणं असं, की पांढरं डोकं पक्ष्याचं नाहीच, बेटाचं आहे. 'पेन' म्हणजे भूशिर. लाखो पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरं झालेलं खडकाचं टोक समुद्रातून दिसायचं, ते पेन ग्विन, आणि तिथला पक्षी तो पेंग्विन. सोळाव्या शतकातल्या वृत्तांतांमध्ये 'पेंग्विन बेट' भेटतं, त्यामुळे हेही हसण्यावारी नेता येत नाही.

व्याकरणवाल्यांची हरकत आणखी बारीक. वेल्शमध्ये शब्द जोडले की मधलं व्यंजन मऊ होतं, कधी गळूनच पडतं. आपल्या सामान्यरूपासारखं: घोडा, पण घोड्याला. त्या नियमाने 'पेन' आणि 'ग्विन' यांचा समास 'पेनविन' व्हायला हवा, ग जायला हवा. आणि 'पेनविन' हा शब्द वेल्शमध्ये आहेच, पांढऱ्या केसांच्या माणसासाठी. मग पक्ष्यात ग कसा राहिला? कुणी म्हणतं, समास नाहीच तो, सुटे दोन शब्द आहेत. ठीक आहे. डोलकाठीवर चढलेल्या माणसाने समास सोडवत बसावं अशी माझीही अपेक्षा नाही.

आणि मग चरबीवाले. लॅटिनमध्ये 'पिंग्विस' म्हणजे लठ्ठ. डच वृत्तांत लिहिणाऱ्यांनी पेंग्विनचा संबंध या चरबीशी जोडला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमध्ये शब्द आला तोही डचांच्या हातून, चरबीचा वास घेऊनच. मॅगेलनच्या सफरीवरच्या पिगाफेताने लिहिलंय, की हे 'हंस' इतके चरबीदार होते की पिसं उपटायच्या ऐवजी कातडंच सोलावं लागलं. त्यामुळे चरबीची गोष्ट पटण्यासारखी वाटते. मला नेमकी तेवढ्यासाठीच ती संशयास्पद वाटते. खलाशी लॅटिनमध्ये शिव्या देत नाहीत, तसे पक्ष्यांना हाकही मारत नाहीत. पिंग्विस सुचावं लागतं ते मेजावर बसलेल्याला.

सगळ्यात मजा केली आहे ती राजकारण्यांनी. वेल्समध्ये एक आख्यायिका आहे. ग्विनेदचा राजा ओवाइन याचा मुलगा मॅडॉग भाऊबंदकीला कंटाळून ११७० साली पश्चिमेला गेला आणि थेट अमेरिकेत पोचला. कोलंबसच्या तीनशे वर्षं आधी. राणी पहिल्या एलिझाबेथच्या दरबारात ही गोष्ट एकदम मोलाची झाली, कारण ट्युडर राजघराणं मुळात वेल्सचं. मॅडॉग आधी पोचला असेल तर अमेरिका स्पेनची कशी? पण पुरावा हवा. तो आणला डेव्हिड इन्ग्रम नावाच्या खलाश्याने. मेक्सिकोच्या आखातात जहाजाने मागे सोडलेला हा माणूस. तिथून उत्तरेला पार न्यूफाउंडलंडच्या बाजूपर्यंत आपण चालत गेलो, असं तो सांगायचा. त्याच्या कहाणीत घरांना चांदीचे आणि स्फटिकाचे खांब होते, आणि एक पांढऱ्या डोक्याचा पक्षी होता, ज्याला तिथले लोक पेंग्विन म्हणत! १५८३ साली जॉर्ज पेकहॅम याने वसाहतींचा पुरस्कार करणारी पुस्तिका छापली. तिच्यात हा पेंग्विन साक्षीदार म्हणून हजर आहे: शब्द वेल्श, म्हणून तिथले लोक मॅडॉगचे, म्हणून जमीन राणीची. एका न उडणाऱ्या पक्ष्याच्या पाठीवर आख्खं खंड लादलं. इन्ग्रमची हकीकत हॅक्लुट या इंग्रज लेखकाने १५८९च्या आपल्या प्रवासवृत्तांतांच्या संग्रहात घेतली आणि पुढच्या आवृत्तीत मुकाट्याने गाळली. मॅडॉगची गोष्ट मात्र मेली नाही. दोनशे वर्षांनी जॉन इव्हान्स नावाचा वेल्श तरुण 'वेल्श इंडियन' शोधायला मिसुरी नदीने वर गेला. मँडन या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये एक हिवाळा काढला आणि परत येऊन सांगितलं, की तिथे वेल्श कुणी नाही. निदान त्याने खरं सांगितलं.

तर दोनेकशे वर्षं एक नाव दोन पक्ष्यांवर होतं. उत्तरेतला पेंग्विन, दक्षिणेतला पेंग्विन. अठराव्या शतकातल्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांना हा घोळ सहन होईना. ब्यूफाँने हिशेब चोख केला: उत्तरेतले ते पँग्वँ, दक्षिणेतले ते माँशो, म्हणजे आमचे थोटे. फ्रेंच लोकांनी मूळ मालकाकडे नाव ठेवलं आणि भाडेकरूला नवं दिलं. इंग्रजीत उलटं झालं. तिथे मूळ मालक ऑक झाला आणि भाडेकरू घरात कायमचा राहिला.

यात नवल वाटायचं कारण नाही, आपण रोज असंच एक नाव चिरतो. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या 'बटाटा' या शब्दाचा अर्थ होता रताळं. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो उचलला, मग तो दुसऱ्याच कंदावर बसला, आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला तो ते दुसरंच घेऊन. उपासाला आपण रताळं आणि बटाटा शेजारी शेजारी उकडतो, आणि त्यातल्या खऱ्या बटाट्याला रताळं म्हणतो.

माझी दहा वाक्यं खोडली ती ब्यूफाँने. बाईंचा दोष नव्हता.

फ्रेंच पँग्वँची आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. १९०८ साली आनातोल फ्रान्सची 'पँग्वँचं बेट' ही कादंबरी आली. तिच्यात माएल नावाचा एक म्हातारा संत वादळात भरकटत उत्तरेकडच्या बेटावर पोचतो. बर्फाच्या झळाळीने त्याची नजर गेलेली. समोर रांगेने उभे असलेले, काळे-पांढरे, गंभीर प्राणी बघून त्याला ती माणसंच वाटतात, आणि तो सगळ्यांना बाप्तिस्मा देऊन टाकतो. वर स्वर्गात गोंधळ. पक्ष्यांना आत्मा नाही आणि बाप्तिस्मा तर झालाय, करायचं काय? संतांची सभा भरते, शेवटी त्यांना माणूस करून टाकतात, आणि पुढचा सगळा फ्रान्सचा इतिहास म्हणजे या पक्ष्यांचा इतिहास. गंमत म्हणजे हा माएल कुठला, तर कांब्रियाच्या राजघराण्यातला. कांब्रिया म्हणजे वेल्स. फ्रेंच पँग्वँच्या डोक्यावर पाणी शिंपडलं तेही वेल्श माणसाने. लेखकाने हे जाणून केलं की कसं, कोण जाणे. मी ते वाक्य वाचून पुस्तक मिटलं आणि चहा टाकला.

पण कादंबरी आली तोवर मोठा पँग्वँ मरून चौसष्ट वर्षं झाली होती.

फंक बेटावर आधी मांसासाठी मारले, मग अंडी नेली, मग पिसांसाठी माणसं उन्हाळाभर मुक्काम करू लागली. गाद्या-उशांना पिसं लागत. बेटावर झाड नाही, जळण नाही. पिसं सुटावीत म्हणून पक्षी गरम पाण्यात बुचकळायचे, आणि ते पाणी तापवायला चुलीत दुसरे पक्षी घालायचे. चरबी छान जळते. १८०० सालाच्या आसपास बेट रिकामं झालं. कुजलेल्या शवांची तिथे माती झाली आणि आज त्या मातीत पफिन बिळं करतात. उकरताना जुनी हाडं वर येतात.

पुढे दुर्मीळ झाल्यावर संग्राहकांनी भाव लावला. १८४४च्या जून महिन्यात आइसलंडजवळच्या एल्डे नावाच्या सुळक्यावर तिघे जण चढले. अंड्यावर बसलेली एक जोडी होती. दोघांची मान पिरगळली. अंडं बुटाखाली तडकलं, म्हणून ते तिथेच टाकलं. त्या दोघांचे अवयव कोपनहेगनच्या संग्रहालयात बरण्यांमध्ये ठेवलेले आहेत.

फ्रान्सकडे आता 'धाकटा पँग्वँ' उरलाय, इंग्रजीतला रेझरबिल. तो उडतो. फ्रान्समध्ये त्याची घरटी आहेत ती ब्रिटनीत, मुख्यतः सेतील म्हणजे 'सात बेटं' नावाच्या खडकांवर, मोजकी. तिथले पफिन शिकारी गंमत म्हणून मारत होते, तेव्हा १९१२ साली फ्रान्समधली पक्षिसंरक्षणाची संघटना उभी राहिली ती त्यांच्यासाठी. ब्रेटन बोलणाऱ्या किनाऱ्यासमोर शेवटचे पँग्वँ. आणि वेल्श लोकांनी आपला शब्द इंग्रजांकडून परत उसना घेतलाय. आज त्यांच्या शाळेतली मुलं 'पेंगविन' लिहितात, अनेकवचन 'पेंगविनियेद', आणि त्यांच्याही डोळ्यांसमोर अंटार्क्टिकाच येतं.

यातलं चिमीला मी टॅक्सीत थोडंसं सांगितलं. चुलीचं सांगितलं नाही. अंड्याचंही नाही.

"मग पांढऱ्या डोक्याचा कुठाय आता?"

"नाहीये. मेले सगळे."

"कसे?"

"माणसांनी खाल्ले."

ती गप्प बसली. लालबागच्या पुलाखाली सिग्नल लागला होता. मग विचारलं, "आणि आपण बघितले ते?"

"ते थोटे."

घरी दार उघडलं तसं चप्पल काढायच्या आत तिने आईला सांगून टाकलं, "आई, पेंग्विन मेले. आम्ही थोटे बघून आलो."

ताईने माझ्याकडे बघितलं. "तुला हिला साधं प्राणिसंग्रहालयात न्यायला सांगितलं होतं ना गं?"